तिसरं पाणी

"डावीकडे लागतंय," नोराल्बा म्हणाली. "कडेकडेनं घे. हां. आता मधून."

देयानीराने ढवळायचं लाकडी वल्हं कडेने फिरवलं आणि मधून ओढलं. कढईत तिने पाहिलं नाही. तिचं तोंड परसातल्या भिंतीकडे होतं. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. पोपडे उडालेला चुना आणि खिळ्याला अडकवलेलं एक फडकं. पाय फाकवून, दोन्ही हातांनी लांब दांडा धरून ती उभी होती आणि मान इतकी वळवलेली होती की गळ्याची शीर ताणून वर आली होती.

"रंग कसा आहे?"

"सायीसारखा. अजून दोन तास तरी लागतील."

"आंधळीच्या हातात बस दिलीस," देयानीरा भिंतीला म्हणाली. "तुझा खांदा गेला, मला डोळे नाहीत. दोघी मिळून एक धड बाई होईल."

नोराल्बाला हसू आलं नाही. डाव्या हातातल्या गवती टोपीने ती कढईवर वारा घालत होती. गावाबाहेर कुठेतरी उसाचा फड पेटवला होता आणि जळक्या पात्यांची काळी पिसं तरंगत परसात उतरत होती. एखादं दुधात पडलं तर काळा ठिपका राहतो. खाणारा तो बघून काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे मागणी नोंदवतो.

वीस लिटर दूध, भिजवून वाटलेले तांदूळ, साखर, चिमूटभर मीठ. एवढंच. मग चार-पाच तास हात थांबता कामा नये. नाताळच्या ताटात मानहार, म्हणजे ही आटवलेली खीर, नसेल तर कौकाच्या खोऱ्यात त्याला नाताळ म्हणत नाहीत, आणि या गावात मानहार म्हणजे नोराल्बाचा, असं तिच्या सासूबाई गेल्यापासून होतं. ऑगस्टमध्ये ती ओल्या फरशीवरून पडली आणि उजवा खांदा निखळला. ढवळायला एक बाई ठरवली होती. दूध चुलीवर चढल्यावर तिचा निरोप आला की नवरा तापाने फणफणलाय, आज जमणार नाही. नोराल्बाने तासभर एका हाताने रेटलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने पलीकडच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

पलीकडच्या खोलीत तिची धाकटी जाऊ देयानीरा बॅग भरत होती. दोघींचे नवरे गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. अंगण एकच, नळ एकच, खोल्या दोन.

देयानीरा उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "मला? तुला वेड लागलंय का?"

"खाली लागेल गं. वीस लिटर आहे."

"लागलं तर खरवड खाशील. माझ्यामुळे फाटलं तर काय खाशील?"

खरं तर तेव्हाच बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण नोराल्बाच्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "तोंड फिरवून ढवळ. मी सांगते कुठे लागतंय ते."

आणि देयानीरा आली होती. चुलीपर्यंत पाठमोरी चालत, अंदाजाने दांडा पकडत. छत्तीस वर्षांत ती या चुलीपाशी पहिल्यांदा उभी होती.

*

"बस किती वाजता?" नोराल्बाने विचारलं. तिला माहीत होतं.

"पाचला. युलिएत येईल सहाच्या सुमाराला. तोवर मी पाल्मिराला पोचलेली असेन." वल्ह्याचा आवाज थोडा जड झाला होता. "भाचीने मागची खोली रिकामी केलीय. खिडकी नाहीये, पण मला काय करायचीय खिडकी."

"किती दिवस?"

"बाळ चालायला लागेपर्यंत. निदान. चालायला लागलं की मूल जरा टणक होतं, असं म्हणतात. मग बघू." तिने वल्हं एक फेरा फिरवलं. "खरं सांगू, नोरा? परत येईन असं काही वाटत नाही. या वयात दोनदा कोण सामान हलवतं?"

युलिएत नोराल्बाची नात. काली शहरात नोकरी करत होती. नवऱ्याशी बिनसलं आणि आता दोन महिन्यांची मुलगी घेऊन ती आजीकडे राहायला येत होती. तिने फोनवर एवढंच विचारलं होतं, "आजी, धाकटी आजी तिथेच असते ना अजून?" आणि घाईघाईने पुढे म्हणाली होती, "मी मानत नाही गं ते. पण लहान जीव आहे." दुसऱ्या दिवशी देयानीराने माळ्यावरून बॅग काढली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागतच नसे.

जड नजरेच्या माणसाने आटत्या दुधात बघितलं की दूध फाटतं आणि तान्ह्या मुलाकडे बघितलं की मूल सुकतं, हे या गावात कुणी कुणाला शिकवत नाही. ते कसं सगळ्यांना येतंच, सायकलसारखं.

छत्तीस वर्षांपूर्वी याच परसात, याच कढईत दूध फाटलं होतं. तेव्हा सासूबाई, दोन्या मेर्सेदेस, हयात होत्या. साखर कारखान्याच्या मॅनेजरच्या मुलीचं लग्न होतं आणि तीस लिटरचा मानहार द्यायचा होता. कढई घासायचं काम नोराल्बाचं. लिंबाचा रस आणि मीठ घालून ती रात्रभर ठेवायची, म्हणजे तांब्याच्या कढईवरचा हिरवा डाग सुटतो. पहाटे तीन पाण्यांनी धुवायची. पहिल्या पाण्याने रस जातो, दुसऱ्याने मीठ. तिसऱ्या पाण्यात मूठभर राख, कारण राखेशिवाय आंबटपणा मरत नाही. मग कडेवरून बोट फिरवून चाखायचं. एकटीला ती कढई पेलत नाही. एकीने कान धरायचा, दुसरीने बूड उचलायचं.

दुसरी म्हणजे देयानीरा. ती आत निजली होती. दहा दिवसांपूर्वी तिचं पाच महिन्यांचं पोट पडलं होतं. नोराल्बाने तिला उठवलं नाही. हे तिने मायेपोटी केलं होतं, आणि त्या दिवसातली स्वतःबद्दल सांगता येण्यासारखी ही एकच गोष्ट पुढे तिच्यापाशी उरली. तिने एकटीने कढई कलती केली, जेवढं ओघळलं तेवढं ओघळू दिलं. तेवढ्यात दूधवाल्याची घोडागाडी दाराशी थांबली. अंधारात कढईच्या तळाशी काहीतरी चकाकत होतं. तिला वाटलं, पाणी असेल. नाही, तसं वाटलं नव्हतं. तसं तिने वाटून घेतलं.

दूध तापलं आणि उकळी यायच्या आत फाटलं. पांढरे गठ्ठे आणि हिरवट पाणी. तीस लिटर.

"कोण आलं होतं इथे?" सासूबाईंनी विचारलं. दूध कशाने फाटलं, असं त्यांनी विचारलं नव्हतं.

नोराल्बाने कढईच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आंबट. त्या बोटाची चव तिला अजून सांगता आली असती.

"देयानीरा येऊन गेली," ती म्हणाली. "कढईत बघत उभी होती."

दोन्ही वाक्यं खरी होती. देयानीरा शाल गुंडाळून बाहेर आली होती, चुलीच्या उबेला दोन मिनिटं उभी राहिली होती, आणि उभं राहिल्यावर माणूस समोर बघतोच. पुढे कित्येक वर्षं नोराल्बा मनात ही दोन वाक्यं तपासत राहिली. एकही शब्द खोटा सापडत नव्हता. त्यामुळेच झोप लागत नव्हती.

पोट रिकामं झालेल्या बाईची नजर भुकेली असते, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांनी देयानीराला सतापाच्या पाल्याने झाडलं, नऊ दिवस कडू पाणी पाजलं. महिन्याभरात गावातल्या बाया तिला बघून बाळांच्या तोंडावर दुपटं ओढू लागल्या. वर्षाभरात तिने स्वतःच मान खाली घालायची सवय लावून घेतली. तिला पुढे मूल झालं नाही. नोराल्बाला आधीची दोन होती, पुढे तिसरं झालं, आणि तेव्हा देयानीराने पायाकडच्या बाजूला उभं राहून, डोळे मिटून बाळंतिणीच्या पायाला हात लावला होता.

*

"आता जड जातंय," देयानीरा म्हणाली. "तळ दिसतो का?"

"वल्ह्यामागे दिसतो. लगेच मिटतो."

"म्हणजे अजून तासभर." तिने हात बदलला. मान मात्र त्याच बाजूला राहिली. "मी गेल्यावर नळाचा वॉशर बदलून घे. रात्रभर गळतो. आणि कोंबडी माझ्या पलंगाखाली अंडी घालते, तिला हाकलू नकोस. सवय आहे तिला."

"देया."

"लागतंय का?"

"नाही. ते दूध तुझ्यामुळे नाही फाटलं."

वल्हं फिरत राहिलं.

"कुठलं दूध?" देयानीराने विचारलं.

नोराल्बा उत्तर द्यायला थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा छत्तीस वर्षं गेली असती. "कढईत लिंबाचा रस राहिला होता. मी धुतली नव्हती. एकटीला उपडी होईना, आणि दूधवाला आला. मी चाखून बघितलं नंतर. आंबट होतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

एक काळं पीस उतरत उतरत कढईच्या दिशेने आलं. नोराल्बाने टोपी हलवली नाही. ते दुधावर टेकलं आणि वल्ह्याखाली गेलं.

"किती लिंबं होती?" देयानीराने विचारलं.

"बारा."

"बारा," ती म्हणाली. आणखी चार-पाच फेरे झाले. "मला का नाही उठवलंस?"

"तू झोपली होतीस. नुकतंच तुझं..."

"मी झोपले नव्हते. कढई फरशीवर घासल्याचा आवाज आला मला. म्हटलं, आता हाक मारेल. काहीतरी काम तरी देईल. पडून पडून छत बघून कंटाळले होते." आवाज नेहमीचाच होता, नळाच्या वॉशरबद्दल बोलावं तसा. "हाक आली नाही, म्हणून तर बाहेर आले."

देयानीराने दांड्यावरची पकड घट्ट केली. दूध आता चिवट झालं होतं आणि थांबलं तर पाच मिनिटांत सगळं करपलं असतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. म्हणून ती थांबली नाही, आणि म्हणूनच तिथून निघूनही गेली नाही.

"आणि हायरो?" तिने विचारलं.

हायरो हा समोरच्या सोईलाचा मुलगा. नऊ महिन्यांचा होता. रविवारी चर्चमध्ये तो आईच्या खांद्यावरून मागे बघत होता, आणि देयानीरा मागच्या बाकावर होती. सोमवारी ताप चढला. बुधवारी गेला. देयानीरा दोन दिवस सोईलाच्या दारासमोरच्या फुटपाथवर उभी होती. आत जायची हिंमत नव्हती आणि घरी यायचीही नव्हती. नोराल्बाने तिला हाताला धरून घरी आणलं होतं, सूप पाजलं होतं, आणि काही सांगितलं नव्हतं.

"मेंदूचा ताप होता त्याला," नोराल्बा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते तेव्हाच."

"डॉक्टर म्हणाले होते. तू नव्हतीस म्हणाली." वल्हं एकदा कढईच्या कडेला आपटलं. "मी हसले होते त्याच्याकडे बघून, नोरा. तो हसला म्हणून. तेवढंच. तीस वर्षं मी ते हसू परत घ्यायचा प्रयत्न करतेय."

माफ कर, असं नोराल्बा म्हणाली असेल किंवा नसेल. म्हणाली असली तरी चुलीतल्या लाकडांच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही.

"तळ?" थोड्या वेळाने देयानीराने विचारलं.

"दिसतो. मिटत नाही."

"मग उतरवायला ये. डाव्या हाताने धर."

दोघींनी मिळून कढई उतरवली. भोपळ्याच्या तुंब्याच्या वाट्यांमध्ये मानहार ओतला तेव्हाही देयानीराचं तोंड भिंतीकडे होतं; ओतणारी ती होती, आणि "बास", "पुढची", "बास" म्हणणारी नोराल्बा. चौतीस वाट्या भरल्या. रीत अशी की ढवळणाऱ्याने खरवड खायची. नोराल्बाने चमचा पुढे केला. देयानीराने तो घेऊन बाजूच्या ओट्यावर ठेवला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला कुठे सांगितलं होतंस तू? ज्यांना सांगितलं होतंस त्यांना सांग."

"सासूबाई तर..."

"सोईला आहे की अजून."

मग ती कढई घेऊन नळाकडे गेली. आता तिने कढईकडे पाहिलं. खरवड काढून कोंबड्यांना टाकली. नारळाच्या काथ्याने आतून घासलं. पहिलं पाणी घातलं, कढई उपडी केली. एकटीने, गुडघ्याचा टेकू लावून. दुसरं पाणी. मग चुलीपाशी येऊन मूठभर राख घेतली, नोराल्बाच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता. तिसरं पाणी काळं झालं, वाहून गेलं. मग देयानीराने कडेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि खात्री होईपर्यंत तशीच उभी राहिली. आज कढईत लिंबू नव्हतंच.

पाचची बस गेली तेव्हा चौकातून तिचा हॉर्न ऐकू आला. देयानीरा आपल्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसली होती. बॅग पायाशी होती.

*

नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा आज पाचवा दिवस होता आणि पाळी नोराल्बाच्या घराची. साडेसहाला खोली भरली. मुलांनी बाटल्यांच्या बुचांचे खुळखुळे आणले होते. कोपऱ्यात शेवाळावर मांडलेला गोठा, त्यात रंग उडालेलं गाढव आणि त्याच्याएवढाच एक कोंबडा. सोईला पुढच्या रांगेत होती, पोथी तिच्याकडे असे. चष्मा नाकावर ठेवून ती पान शोधत होती. देयानीरा सगळ्यांत मागे, दाराला लागून, बॅग मांडीवर घेऊन बसली होती. कुणाच्याही घरी ती तिथेच बसे.

युलिएत आली तेव्हा सगळ्या बाया उठल्या. बाळाच्या मनगटाला लाल दोरा होता आणि दोऱ्यात काळा खडा.

"सालोमे नाव ठेवलंय," युलिएत म्हणाली. दाराशी तिला देयानीरा दिसली आणि नकळत तिचा हात बाळाच्या तोंडापुढे गेला. "धाकटी आजी. तू... मला वाटलं..."

"बस चुकली," देयानीरा जमिनीकडे बघत म्हणाली. "तू जा पुढे. माझं काही नाही."

नोराल्बा उभी राहिली. खांदा ठणकत होता.

"सोईला, पोथी जरा मिट," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

"आधी प्रार्थना होऊ दे की गं. मुलं कंटाळतात."

"आधीच बोलायचंय."

तिने सांगितलं. लिंबं किती होती तेही सांगितलं. बोट चाखल्याचं सांगितलं. सांगायला चार-पाच वाक्यं लागली, जास्त नाही, आणि सांगताना तिला कळलं की एवढ्याच वाक्यांसाठी एवढी वर्षं लागली होती. कुणाचा तरी खुळखुळा वाजला आणि आईने तो दाबून धरला.

"वय झालं हिचं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "दुपारभर चुलीपाशी होती."

"डोकं शाबूत आहे माझं," नोराल्बा म्हणाली. "तेव्हाही होतं."

सोईलाने चष्मा काढला. तिचे डोळे चष्म्याशिवाय लहान दिसत. ती नोराल्बाकडे बघत होती, पण बोलली ती दाराकडच्या खुर्चीशी.

"मी तुला दारातून हाकललं होतं," ती म्हणाली. "पाणी फेकलं होतं अंगावर."

"गरम नव्हतं," देयानीरा म्हणाली.

सोईलाने चष्मा पुन्हा लावला, काढला, ब्लाऊजच्या टोकाला पुसला, आणि पोथीचं पान जिथे होतं तिथेच ठेवून बसून राहिली.

युलिएत मधल्या वाटेत उभी होती. तिने आजीकडे पाहिलं. आजीचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. तिथे बघवेना म्हणून तिने नजर काढून घेतली. मग ती मागे वळली. देयानीराच्या मांडीवरची बॅग उचलून तिने खाली ठेवली आणि त्या जागी बाळ ठेवलं.

"मान धर तिची," ती म्हणाली. "अजून सावरत नाही."

देयानीराचे हात आपोआप जिथे हवेत तिथे गेले. एक मानेखाली, एक पाठीखाली. हे हात कुणी कधी शिकवले होते कोण जाणे. ती अगदी ताठ बसली होती, श्वास रोखल्यासारखी.

"सुरू कर, सोईला," नोराल्बा म्हणाली आणि खाली बसली. आजूबाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या; त्या आधीही रिकाम्या होत्या की आत्ता झाल्या, हे तिने आठवून पाहिलं नाही.

सोईलाने वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीत दोनदा अडकला, मग लागला. मुलांनी खुळखुळे वाजवले. नोराल्बाने मागे वळून पाहिलं.

देयानीराने मान वळवलेली होती. दुपारी भिंतीकडे होती तशी, दाराबाहेरच्या रस्त्याकडे. गळ्याची शीर ताणलेली होती. मांडीवर लाल दोरा बांधलेली मूठ उघडत होती, मिटत होती. बाळ जागं होतं, आणि खालून, डोळे मोठे करून, तिच्याकडे बघत होतं.